विश्लेषण : खडू, दोरी आणि पाणबुड्या… जमिनीवर खेळ मांडून अटलांटिकची लढाई शिकवणारे कॅप्टन रॉबर्ट्स कोण होते?

कंपन्या, सरकारं आणि लष्करं मोठा निर्णय घेण्याआधी हल्ली ‘वॉरगेम’ खेळून पाहतात. म्हणजे समोर खराखुरा विरोधक बसवायचा, त्याला त्याच्या डोक्याने चालू द्यायचं आणि आपली योजना कुठे फुटते ते बघायचं. हा खेळ कसा रचावा आणि त्याच्या निकालावर किती विश्वास ठेवावा, हे समजून घ्यायचं तर ब्रिटिश नौदलातल्या एका आजारी अधिकाऱ्याची गोष्ट माहीत हवी. त्यांचं नाव गिल्बर्ट रॉबर्ट्स.

समुद्रावरून घरी पाठवलेला अधिकारी

रॉबर्ट्स यांचा जन्म १९०० चा. मुलगा असतानाच ते नौदलात कॅडेट म्हणून दाखल झाले. तिशीच्या दशकात पोर्ट्समथच्या टॅक्टिकल स्कूलमध्ये त्यांनी काम केलं. तिथे टेबलावर नौकांचे छोटे नमुने हलवून डावपेच शिकवले जात. पुढे त्यांना एका विनाशिकेचं नेतृत्व मिळालं. पण १९३८ मध्ये क्षयरोगाने गाठलं आणि नौदलाने त्यांना निवृत्त केलं. त्या काळी क्षयावर खात्रीचं औषध नव्हतं. अडतिसाव्या वर्षी हाताशी ना नोकरी, ना तब्येत.

युद्ध सुरू झाल्यावर नौदलाने त्यांना परत बोलावलं, तरी समुद्रावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. जानेवारी १९४२ मध्ये त्यांना लिव्हरपूलला पाठवण्यात आलं. काम एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. जर्मन पाणबुड्या आपली व्यापारी जहाजं नेमकी कशी बुडवतात ते शोधायचं आणि त्यावरचा उपाय अधिकाऱ्यांना शिकवायचा.

प्रश्न किती गंभीर होता?

ब्रिटनचं अन्न, तेल, दारूगोळा सगळं समुद्रमार्गे येत होतं. एकट्या १९४२ मध्ये पाणबुड्यांनी मित्रराष्ट्रांची हजाराहून अधिक व्यापारी जहाजं बुडवली. या आकड्यात आपलीही माणसं आहेत. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर तेव्हा हजारो भारतीय खलाशी होते. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, तर स्वयंपाकघरात आणि सलूनमध्ये गोव्याचे लोक. संपूर्ण युद्धात साडेसहा हजारांच्या आसपास भारतीय खलाशी मरण पावले, असं मानलं जातं. कोकणातली आणि गोव्यातली कितीतरी घरं ‘बोटीवर गेलेल्या’ माणसाची वाट बघत राहिली.

खेळ कसा रचला होता?

लिव्हरपूलच्या डर्बी हाऊसमध्ये वरच्या मजल्यावर त्यांना जागा मिळाली. ‘वेस्टर्न अॅप्रोचेस टॅक्टिकल युनिट’ असं भारदस्त नाव, आणि हाताशी मोजके लोक. त्यात बहुतेक विशीतल्या तरुणी होत्या. नौदलाच्या महिला दलातल्या या मुलींना ‘रेन’ म्हणत. जीन लेडलॉ आणि जॅनेट ओकेल ही त्यातली दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी.

खोलीची जमीन हाच समुद्र. त्यावर दहा इंच म्हणजे एक सागरी मैल. लाकडी नमुने म्हणजे जहाजं. त्यांचा मार्ग रेन खडूने आखत. एक चाल म्हणजे समुद्रावरची दोन मिनिटं, त्यामुळे विचार करायला निवांत वेळ कुणालाच नाही.

खरी करामत पडद्यांमध्ये होती. संरक्षक नौकांचे कप्तान बनलेले अधिकारी कॅनव्हासच्या पडद्याआड उभे राहत. पडद्याला छोटी फट. त्या फटीतून रात्रीच्या अंधारात त्यांच्या नौकेवरून दिसलं असतं, तेवढंच त्यांना दिसे. बाकीची माहिती चिठ्ठीवर. जहाजांचा मार्ग पांढऱ्या खडूने आणि पाणबुडीचा हिरव्या खडूने आखला जाई, कारण पडद्याआडून हिरवी रेघ उमटून दिसत नसे. बुद्धिबळात दोघांनाही सगळा पट दिसतो, इथे ती चैन नव्हती. माझ्या मते या खेळाची सगळी ताकद याच एका नियमात आहे. ज्या खेळात खेळाडूला प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं, तो खेळ त्याला फाजील आत्मविश्वासच शिकवतो.

नायकाचा डावपेच तपासला तेव्हा…

डिसेंबर १९४१ मध्ये जिब्राल्टरहून निघालेल्या ‘एचजी-७६’ या ताफ्याचं रक्षण कमांडर फ्रेडरिक जॉन वॉकर यांनी केलं होतं. त्या लढाईत पाच जर्मन पाणबुड्या बुडाल्या. वॉकर रातोरात नायक झाले. त्यांचा ‘बटरकप’ नावाचा डावपेच होता. जहाजावर हल्ला झाला की संरक्षक नौकांनी ताफ्यापासून बाहेरच्या दिशेने वेगाने जायचं, प्रकाशगोळे उडवायचे आणि पाण्यात डेप्थ चार्ज टाकायचे. पाणबुडी ताफ्याच्या बाहेरून पाणतीर सोडते, हे यामागचं गृहीतक.

रॉबर्ट्स यांनी अहवाल मागवले आणि ती लढाई जमिनीवर पुन्हा मांडली. हिशेब जुळेना. एक जहाज ताफ्याच्या मधोमध असताना बुडालं होतं. जर्मन पाणतीराचा पल्ला साधारण पाच किलोमीटर. संरक्षक नौकांच्या कड्याबाहेरून मधल्या रांगेपर्यंतचं अंतर त्याहून जास्त भरत होतं. मग पाणबुडी होती कुठे? एकच उत्तर उरत होतं. ती ताफ्याच्या आतच होती. अंधारात पाण्याच्या पृष्ठभागावरून, मागच्या बाजूने, जिथे पहारा सर्वांत ढिला तिथून ती आत शिरत होती. वार करून खाली बुडी मारायची आणि ताफा डोक्यावरून पुढे जाऊ द्यायचा. नौका बाहेर धावत होत्या आणि शिकारी मागे शांतपणे बसलेला होता.

वॉकर यांचं यश खोटं नव्हतं. पण एकदा पाणबुडी सापडली म्हणून डावपेच बरोबर, असा निष्कर्ष सगळ्यांनी काढला होता आणि तो तपासायचं धाडस कुणी केलं नव्हतं.

मग रॉबर्ट्स, लेडलॉ आणि ओकेल यांनी उलटी चाल बसवली. हल्ला झाला की संरक्षक नौकांनी ताफ्याच्या मागच्या बाजूला वळायचं आणि ठरलेल्या रेषांवरून अॅस्डिकने, म्हणजे आजच्या सोनारने, पाणी विंचरून काढायचं. लेडलॉ यांनी तिला नाव सुचवलं ‘रास्पबेरी’. इंग्रजीत तोंडाने काढलेल्या चिडवण्याच्या आवाजालाही हाच शब्द आहे, आणि चिडवायचं होतं हिटलरला! पुढे ‘पायनॅपल’, ‘स्ट्रॉबेरी’, ‘आर्टिचोक’ अशी अख्खी मंडई तयार झाली.

वेस्टर्न अॅप्रोचेसचे प्रमुख अॅडमिरल पर्सी नोबल सुरुवातीला साशंक होते. प्रात्यक्षिक बघितल्यावर त्यांचं मत बदललं आणि संरक्षक नौकांचे अधिकारी आठवड्याच्या प्रशिक्षणासाठी लिव्हरपूलला येऊ लागले. युद्ध संपेपर्यंत ही संख्या पाच हजारांच्या घरात गेली. त्यात कॅनडाचे आणि नॉर्वेचे अधिकारीही होते. नोव्हेंबर १९४२ मध्ये नोबल यांच्या जागी मॅक्स हॉर्टन आले. ते पहिल्या महायुद्धातले नावाजलेले पाणबुडी कप्तान. खेळात त्यांनी पाणबुडीची बाजू घेतली आणि पाचही वेळा हरले, असं सांगितलं जातं. पडद्याआड त्यांच्याविरुद्ध खेळत होती कधीही युद्धावर न गेलेली ओकेल.

त्याच वर्षी, दुसऱ्या टोकाला

खेळ रचणं आणि त्याचा निकाल मान्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे १९४२ मध्ये जपानी नौदलाने मिडवेच्या मोहिमेचा सराव यामातो या युद्धनौकेवर केला. जपानी वैमानिक फुचिदा यांनी लिहिलेल्या हकिगतीनुसार फाशांनी अकागी आणि कागा या विमानवाहू नौकांवर नऊ बॉम्ब पाडले. पंच असलेल्या अॅडमिरल उगाकी यांनी ते तीनवर आणले. बुडालेली कागा पुढच्या फेरीत पुन्हा तरंगू लागली. जूनमध्ये मिडवेला अकागी आणि कागा दोन्ही बुडाल्या. इंजिनीअरिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये अपेक्षित उत्तर बघून रीडिंग ‘जुळवणं’ अनेकांना ठाऊक असेल. इथे रीडिंग जुळवलं गेलं, फक्त प्रयोगाला माणसं लावलेली होती.

रॉबर्ट्स यांच्या खोलीत क्रम उलटा होता. आधी घडून गेलेली रात्र मांडायची. खेळाचा निकाल प्रत्यक्षाशी जुळतो का ते पाहायचं. जुळला तरच नवी चाल खेळायची, तीही पुन्हा पुन्हा. मग समुद्रावरून परतलेल्या अधिकाऱ्यांना विचारून नियम दुरुस्त करायचे.

मग लढाई या खेळाने जिंकली का?

नाही, आणि तसा दावा करणंही चुकीचं ठरेल. १९४३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला ‘ओएनएस-५’ या ताफ्यावर मोठा हल्ला झाला. व्यापारी जहाजं गेली, पण सहा पाणबुड्याही बुडाल्या. संरक्षक नौकांनी तिथे लिव्हरपूलमध्ये शिकवलेल्या चाली वापरल्या होत्या. त्या महिन्यात जर्मनीने ४१ पाणबुड्या गमावल्या आणि अॅडमिरल डोनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकमधून आपला ताफा मागे घेतला. मात्र त्याच सुमारास नवं रडार, लांब पल्ल्याची विमानं, छोट्या विमानवाहू नौका आणि फोडलेले सांकेतिक संदेश हेही कामाला लागले होते. यातलं श्रेय खेळाला नेमकं किती, हे वेगळं काढता येत नाही. वॉरगेमचं मूल्यमापन करणाऱ्यांना हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

युद्ध संपताच १९४५ मध्ये रॉबर्ट्स जर्मनीला गेले आणि तिथल्या पाणबुडी अधिकाऱ्यांची चौकशी करून आपले अंदाज तपासले. युनिट त्याच वर्षी बंद झालं. १९७९ मध्ये त्यांचं चरित्र प्रसिद्ध झालं आणि १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं. लेडलॉ, ओकेल आणि त्यांच्या सहकारी मात्र बहुतांश काळ पडद्याआडच राहिल्या. सायमन पार्किन यांचं त्यांच्यावरचं पुस्तक यायला २०१९ उजाडावं लागलं.