वर्ध्याचे शेठ जमनालालजी बजाज

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या वर्षी ज्युबिली ह्या शब्दाचे मूळ वाचकांनी एकदा मनात आणावे. लेवीय ग्रंथात इस्राएल लोकांस अशी आज्ञा आहे की, प्रत्येक पन्नासावे वर्ष योबेल म्हणून पाळावे. त्या वर्षी शिंग फुंकले जावे, विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी व दास मोकळे व्हावेत. कारण जमीन परमेश्वराची, मनुष्य तिच्यावरचा केवळ पाहुणा. ह्या आज्ञेच्या अर्थाप्रमाणे वागण्याची पराकाष्ठा करणारा एक गृहस्थ आपल्याच वर्ध्यात होऊन गेला. तो ख्रिस्ती नव्हता. तथापि परधर्मीयांत जे सत्य व पवित्र आढळेल त्याचा मान राखावा, अशी शिकवण ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ साली आपणांस दिली आहे. तेव्हा शेठ जमनालालजी बजाज ह्यांचे चरित्र ह्या स्मरणिकेत येण्यास कोणी संकोच मानू नये.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजपुतान्यात, सीकरजवळील काशी का बास ह्या खेड्यात, साधारण स्थितीच्या मारवाडी कुटुंबात झाला. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराज ह्यांच्या घरी वारस उरला नव्हता. ते सपत्नीक देशी गेले असता हे मूल त्यांच्या मनात भरले आणि चारपाच वर्षांचा जमनालाल त्यांचा दत्तक नातू होऊन वर्ध्यास आला. मुलाचा मोबदला म्हणून जन्मदात्या पित्याने स्वतःसाठी द्रव्य घेतले नाही. गावात पाण्याचे दुर्भिक्ष होते, म्हणून सर्वांसाठी एक विहीर तेवढी बांधून घेतली.

मुलगा सतरा वर्षांचा असता आजा-नातवात एक मोठा तंटा झाला. एका लग्नास जाताना नातवाने दागिने घालावेत असा बच्छराजजींचा हट्ट, व नातवास ते नको. म्हातारा संतापी होता. आपल्या पैशावर तू चैन करतोस, अशा अर्थाचे कठोर शब्द त्याच्या तोंडून निघाले. जमनालालाने उलट उत्तर केले नाही. त्याने मुद्रांकित कागदावर लिहून दिले की, आपल्या संपत्तीवर माझा काडीचाही हक्क नाही. आणि अंगावरच्या वस्त्रांनिशी घर सोडले. पत्रात राग नव्हता, उलट आजोबांविषयी आदरच होता, ही गोष्ट मला विशेष वाटते. कारण त्या वयात त्याग करणारे पुष्कळ भेटतात, पण मनात कडवटपणा न ठेवता त्याग करणारे विरळा. पुढे समजूत पडून तो परत आला, थोड्याच दिवसांत बच्छराजजी निवर्तले आणि सारी दौलत त्याच्याच हाती आली. परंतु जे एकदा सोडले ते पुनः आपले कसे म्हणावे? तेव्हापासून ते स्वतःस त्या धनाचे विश्वस्त समजत.

ह्यावरून त्यांनी धंदा सोडला असे कोणी समजू नये. व्यापार त्यांनी वाढविला, १९३१ साली साखरेचा कारखानाही काढला, आणि अखेरपर्यंत ते शेठच राहिले. शुभवर्तमानातील श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला. जक्कय मात्र आपल्या घरीच राहिला व अर्धे धन दरिद्र्यांस देऊन बसला. जमनालालजींचा मार्ग जक्कयाचा होता, आणि संसारी माणसास तोच अधिक उपयोगी पडेल.

१९१५ नंतर त्यांचा महात्मा गांधींशी संबंध जडला. १९२० साली नागपूरच्या काँग्रेसच्या वेळी स्वागताध्यक्ष असता त्यांनी गांधीजींकडे एक विलक्षण मागणी केली : मला आपला पाचवा मुलगा माना. पुढच्याच वर्षी सरकारने दिलेली रायबहादूर पदवी परत केली व वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी एक लाख रुपये दिले. एप्रिल १९२१ मध्ये त्यांच्या आग्रहामुळे विनोबाजी वर्ध्यास आले. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात शेठजी तुरुंगात गेले. दंडाच्या वसुलीसाठी त्यांची मोटार जप्त झाली, पण नागपुरात ती घ्यावयास गिऱ्हाईक मिळेना! काँग्रेसचे खजिनदार तर ते सुमारे वीस वर्षे होते.

परंतु पैसा देणे हे दानाचे सोपे अंग होय. कठीण प्रसंग जुलै १९२८ मध्ये आला. बच्छराजजींनी बांधलेले वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले केले. ह्यात गमवावयाचे होते ते द्रव्य नव्हे, तर आप्तांची पंगत, जातीतील मान व घरचे स्वास्थ्य. सनातनी मंडळींचा रोष व बहिष्कार त्यांनी सोसला, व दार उघडेच ठेवले. न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की, ज्यांना बाहेर ठेवले होते ते काही स्वस्थ बसले नव्हते; डॉ. आंबेडकरांनी महाडचा सत्याग्रह त्याच्या आदल्या वर्षीच केला होता. दार मुळात बंद होते, हा अन्याय एका उघड्या दाराने फिटत नाही. आणि आपण ख्रिस्ती लोकांनीही येथे फार ताठ मानेने बसू नये. ह्याच देशात कित्येक ख्रिस्तमंदिरांत बाके व दफनभूमी जातवार वाटलेल्या होत्या.

त्यांच्या ह्या सर्व करण्यात पत्नी जानकीदेवी ह्यांचा वाटा मोठा, जो सहसा थोडक्यात सांगितला जातो. लहानपणी सून होऊन आलेल्या ह्या बाईने दागिने उतरविले, पडदा टाकला, विलायती कापड सोडून खादी धरली. दाता घरातले देतो तेव्हा घरातल्यांनाही द्यावे लागते.

१९३४ साली गांधीजी वर्ध्यास राहावयास आले, तेव्हा शेठजींनी आपली बाग व बंगला ग्रामोद्योग संघास दिला. तीच आजची मगनवाडी. त्या संघाचा कारभार जे. सी. कुमारप्पा ह्या निष्ठावंत ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञाने पाहिला, हे आपल्या लोकांस ठाऊक असावे. पुढे १९३६ मध्ये गांधीजी जेथे गेले ते सेगावही बहुतांशी शेठजींच्याच मालकीचे. (टपाल चुकून शेगावास जाई, म्हणून १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम झाले.) पवनारचा धाम नदीकाठचा बंगला विनोबाजींच्या उपयोगी पडला.

इतके करूनही त्यांच्या मनास समाधान नव्हते. आपल्या दैनंदिनीत व पत्रांत ते स्वतःचे दोष निष्ठुरपणे नोंदवीत आणि कित्येकदा खिन्न होत. पण खिन्नतेत ते रुतून बसले नाहीत. आपल्यात काय उणे आहे हे कळले की, आता कोणती नवी सेवा घ्यावी हे ते विचारीत. ५१ वर्षांचे असता, तुरुंगवासाने प्रकृती ढासळल्यावर, त्यांनी गोसेवेचे काम पत्करले. सप्टेंबर १९४१ मध्ये गोसेवा संघ स्थापन झाला, आणि हा लक्षाधीश वर्ध्याजवळ गोपुरी येथे साध्या झोपडीत राहावयास गेला. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांस अकस्मात मरण आले.

जानकीदेवींनी पतीच्या मागे आपल्या वाट्याचे धन गोसेवेस अर्पण केले. विनोबाजींची भूदान-चळवळ सुरू झाल्यावर त्या कूपदानाच्या कामास लागल्या, व गावोगाव विहिरी मागत हिंडल्या.