विश्लेषण : अपयश वरिष्ठाने सांगायचे, यश टीमने! सतीश धवन यांची पद्धत काय होती?

१० ऑगस्ट १९७९. श्रीहरिकोटाहून झेपावलेले ‘एसएलव्ही-३’ समुद्रात कोसळले. प्रकल्प संचालक होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. मात्र पत्रकारांना सामोरे गेले ‘इस्रो’चे अध्यक्ष सतीश धवन.

धवन कोण होते?

जन्म १९२०, श्रीनगर. अमेरिकेतील कॅलटेकमधून पीएचडी. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक असतानाच १९७२ मध्ये ‘इस्रो’ची धुरा त्यांच्याकडे आली.

अपयशानंतर काय झाले?

बाहेर जबाबदारी धवन यांनी स्वतःवर घेतली, पण आत चूक झाकली नाही. तपासात दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील नायट्रिक आम्लाची गळती समोर आली. आढावा बैठकीत कलाम यांनीही सहकाऱ्यांसमोर जबाबदारी स्वीकारली. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला. त्या दिवशी धवन यांनी पत्रकार परिषद कलाम यांनाच घ्यायला सांगितली.

टीमसाठी अर्थ काय?

बाहेरची टीका वरिष्ठाने झेलली की आतली माणसे चूक लपवत नाहीत. चूक कळली, तरच ती दुरुस्त होते. धवन यांचे २००२ मध्ये निधन झाले. श्रीहरिकोटाच्या अंतराळ केंद्राला आज त्यांचेच नाव आहे.