हाफकिन : अर्ध्या घराचा पुरावा

प्लेगच्या साथीत गाव ओस पाडून मळ्यात झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी आपल्या खानदेशातील जुनी माणसे सांगत. त्या रोगावर लस तयार करणारे वॉल्डेमार हाफकिन मात्र परळच्या संस्थेच्या नावापुरतेच आपल्याला ठाऊक असतात.

त्यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा सरकारने त्यांना तेथे पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी काम केले आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लसही स्वतःवरच आजमावली.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली गेली व त्यांच्यात रोग कमी आढळला. पण पुढे आलेले कैदी मुळातच अधिक धडधाकट असले तर? गुण लसीचा की माणसांचा? ही उणीव पुढील प्रयोगात दूर झाली. १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंधेरा गावी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. छप्पर एक, चूल एक. फरक फक्त सुईचा. साथ शिरलेल्या २८ घरांत लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ दगावले, घेतलेल्या ७१ पैकी ३. पुरावा सबळ होता. पण त्याची किंमत लसीवाचून राहिलेल्या माणसांनी मोजली, हे विसरता येत नाही.

सरकारी प्लेग कमिशनने लसीची मात्रा व आकड्यांच्या नोंदी यांत दोष काढले, तरी लसीची उपयुक्तता मान्य केली.

खरी कसोटी पुढेच होती. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. तरी ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांचे पद गेले. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी आवाज उठविल्यावर १९०७ मध्ये त्यांच्यावरील कलंक पुसला गेला. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या लसीसाठी ज्यांनी घराघरांतून तुलनेचा पुरावा गोळा केला, त्यांच्यावर दोष ठेवताना मात्र पुराव्याची तेवढी चाड कोणी बाळगली नाही. शास्त्राची शिस्त प्रयोगशाळेइतकीच न्यायासनालाही हवी, हाच या चरित्राचा बोध.