माणेकजी कर्सेटजी
माणेकजी कर्सेटजी (१८०८ – १८८७) हे मुंबईतील पारशी समाजसुधारक, स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते आणि पश्चिम भारतातील आरंभीच्या भारतीय फ्रीमेसनांपैकी एक होते. लघुवाद न्यायालयात त्यांनी न्यायाधीश म्हणूनही काम केले.

फ्रीमेसन हा बंधुभाव व परोपकार ही तत्त्वे मानणारा संघ असून त्याच्या स्थानिक शाखेस लॉज म्हणतात. मुंबईतील लॉजचे सदस्यत्व मात्र त्या काळी युरोपीयांपुरतेच मर्यादित होते. युरोपच्या प्रवासात माणेकजींनी पॅरिसमधील एका लॉजमध्ये दीक्षा घेतली. परंतु मायदेशी परतल्यावर मुंबईत त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. तेव्हा स्कॉटिश शाखांचे प्रांतिक प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ मध्ये भारतीयांसाठी खुले असलेले 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज स्थापन झाले. पुढे अनेक पारशी गृहस्थ त्याचे सदस्य झाले. प्राच्यविद्यापंडित खरशेदजी रुस्तमजी कामा हे त्यांपैकी एक होत.

स्वतः अनुभवलेली बंद दारे माणेकजींनी इतरांसाठी उघडण्याचा प्रयत्न केला. समाजातील सनातनी मंडळींची टीका सोसून त्यांनी आपल्या मुलींना इंग्रजी शिक्षण दिले आणि १८६३ मध्ये भारतीय मुलींसाठी मुंबईत अलेक्झांड्रा विद्यालयाची स्थापना केली.

भायखळ्यातील 'खडा पारशी' हा प्रसिद्ध पुतळा माणेकजींनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ उभारला. मुंबईकरांना हा पुतळा परिचित असला, तरी तो उभारणाऱ्या पुत्राचे कार्य फारसे ठाऊक नाही.