केडगावचं मोठं घर

मागच्या संक्रांतीची गोष्ट. जांब समर्थला आमच्या बचत गटाचं हळदी-कुंकू होतं. वाण, उखाणे, हसणं-खिदळणं अगदी रंगात आलं होतं. गटातलीच एक तरुण मुलगी, दीड वर्षापूर्वी नवरा गेलेला, चपला काढायच्या जागेवर जरा घुटमळली आणि तशीच परत गेली. मी तिला पाहिलं होतं. हाक मारणार होते, पण वयाने मोठ्या चार जणी समोर बसलेल्या. गप्प बसले.

रात्री झोप लागेना. समर्थांनी बालविधवा वेणाबाईंना शिष्य केलं, मिरजेचा मठ त्यांच्या हाती सोपवला, हे मीच तर भाषणांत सांगत असते! मग माझं ते धैर्य कुठे गेलं?

त्या दिवसांत मी पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा काढून वाचलं. बी.ए.ला असताना रमाबाई म्हणजे आमच्यासाठी पाच मार्कांची टीप होती. आता वाचताना त्या वेगळ्याच भेटल्या.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. आईने रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराणं सांगत जगायचं. १८७४च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी देशभर पायी फिरले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. पण १८८०मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या परजातीतल्या बंगाली वकिलाशी लग्न केलं. १८८२मध्ये तेही गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

विधवेला दारात कसं उभं करतात, हे त्यांना पुस्तकातून कळायची गरजच नव्हती.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली! १८८९मध्ये त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ काढलं, पुढे ते पुण्यात आणलं. धों. के. कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, इथल्याच विद्यार्थिनी. इथल्या हिंदू मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. तरीही काही मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा १८९३मध्ये वाद पेटला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मैत्रिणींनो, त्या पालकांची काळजीही मला समजते. धर्मांतराबद्दल आपलं मत काहीही असो, त्यापुढे बाईंनी जे केलं ते मात्र पाहायलाच हवं.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडं उरलेल्या सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात आई-वडील गमावलेल्या बाईला त्या पोरींकडे पाठ फिरवणं जमलंच नसतं. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी जमीन घेतली होती, तिथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

ही ख्रिस्ती मंडळी होती. रोज प्रार्थना होती, चर्च होतं. पण एकत्र प्रार्थना केली की आपोआप प्रेम येतं असं थोडंच आहे? भजनाला शेजारी बसणाऱ्या दोघी बाहेर आल्यावर एकमेकींशी बोलत नाहीत, हे आपणही पाहतो. मुक्तीत प्रेम दिसायचं ते कामात. जुन्या मुली नव्यांना सांभाळायच्या. शेती, गाईगुरं, विणकाम, छापखाना, जिला जे जमेल ते काम तिच्या हाती. अंध मुलींसाठी ब्रेल शिकवायची सोय केली मनोरमाबाईंनी. ज्यांना समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलं, त्यांच्यासाठी ‘कृपा सदन’ होतं. म्हणजे नुसतं दोन वेळचं जेवण नव्हतं, इथे आपली कुणाला तरी गरज आहे, हा मान होता.

बाई स्वतः साधी पांढरी साडी नेसायच्या, शाकाहारी राहिल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल असं बायबल मराठीत आणलं. त्याचे खिळे जुळवले ते मुक्तीतल्या बायकांनीच. १९२१मध्ये मनोरमा गेली. सगळी माणसं गमावलेल्या या आईने शेवटची लेकही गमावली. तरी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. मुक्तीचं काम मात्र थांबलं नाही.

आपल्या जालन्याजवळही एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वस्ती वसवली होती, मुख्यतः अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी. म्हणजे ज्यांना कुणी जवळ करत नव्हतं त्यांना जवळ करणारी माणसं आपल्या मातीतही होती.

मंडळी चर्चमधली असो, मंदिरातली असो की बचत गटातली, तिचं प्रेम जोखायचं ते चपलांच्या जागेवर, तिथून परत कोण गेलं ते पाहून. आत बसलेल्या एकमेकींना तिळगूळ देतातच की!

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेले. माफी मागताना जीभ जड झाली. ती फारसं बोलली नाही, चहा मात्र केला. हिशोबात ती हुशार आहे. पुढच्या बैठकीत गटाचं हिशोबाचं काम तिला द्यावं, असं मी सुचवलं. दोघींनी नाकं मुरडली, बाकीच्यांनी हात वर केले. आता वही तिच्याकडे असते. संक्रांत पुन्हा येईल, तेव्हा तिला आणायला मी स्वतः जाणार आहे.