काठावर पास झालेला शोध

बोईसर शाखेत अधिकारी असताना कर्जप्रकरणांच्या तपासणीसाठी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत वरचेवर जावे लागे. एका कारखान्यातला तरुण केमिस्ट आम्लयुक्त सांडपाण्यात चुना मिसळून त्याचा सामू, म्हणजे पीएच, तपासत असे. त्या मोजमापाच्या मुळाशी एका नापसंत प्रबंधाची कथा आहे, हे मला निवृत्तीनंतर वाचनात कळले.

स्वांटे आऱ्हेनियस यांचा जन्म १८५९ साली स्वीडनमधील उप्सालाजवळ झाला. कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही, शुद्ध पाणीही जवळजवळ नेत नाही. पण मिठाचे पाणी नेते. असे का, हा प्रश्न त्यांनी धरला. १८८४ साली त्यांनी उप्साला विद्यापीठाला प्रबंध सादर केला. प्राध्यापक क्लेव्ह यांच्यासारख्या जाणकारांना तो पटला नाही. पदवी मिळाली, पण इतक्या खालच्या श्रेणीत की अध्यापनाची वाट बंद व्हावी.

आऱ्हेनियस यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशी पाठवल्या. रीगाचे प्राध्यापक ओस्टवाल्ड तो वाचून थेट उप्सालाला आले आणि त्यांनी नोकरी देऊ केली. मग कुठे घरच्या विद्यापीठाला जाग आली!

१८८७ साली सिद्धान्त पूर्ण रूपात आला. मीठ पाण्यात विरघळताच त्याचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. त्यासाठी वीज सोडावी लागत नाही. व्हिनेगरमधल्या सौम्य आम्लाचे मात्र थोडेच रेणू फुटतात, आणि जितके फुटतात तितकेच पुन्हा जुळतात. भरणा आणि उचल सारखी असली की खात्यातली शिल्लक तीच राहते, तसाच हा आयनांचा समतोल. याच पायावर डेन्मार्कच्या सोरेनसेन यांनी १९०९ साली सामूचे माप दिले.

१९०३ साली आऱ्हेनियस यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश. त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत क्लेव्हही होते. १९२७ साली आऱ्हेनियस यांचे निधन झाले.

मला या कथेत क्लेव्ह अधिक जवळचे वाटतात. त्या केमिस्टने पुढे स्वतःच्या छोट्या प्रयोगशाळेसाठी कर्ज मागितले होते. तारण अपुरे, म्हणून मी नामंजुरीचा शेरा मारला. नियमाने तो बरोबर होता. काही वर्षांनी पालघर स्टेशनवर तो भेटला. प्रयोगशाळा उभी राहिली होती, दुसऱ्या कुणाच्या तरी भरवशावर. त्याने हसून नमस्कार केला. माझी चूक झाली, एवढे म्हणायला मला गाडी येईपर्यंतचा वेळ होता. मी म्हणालो नाही.