पडद्यावरच्या जंगलाची राणी : फिअरलेस नादिया

प्रभादेवी स्थानकाच्या पूर्वेला, परळच्या गिरणी वस्तीत एकेकाळी 'लवजी कॅसल' ही वाडिया घराण्याची प्रशस्त हवेली होती. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस येऊन जहाजबांधणीत नाव कमावणाऱ्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या वंशजांची ही वास्तू. १९३३ साली तिच्या आवारात जमशेद व होमी या वाडिया बंधूंनी 'वाडिया मूव्हीटोन' ही चित्रसंस्था सुरू केली. घराण्याच्या पूर्वेतिहासाची आठवण म्हणून संस्थेच्या बोधचिन्हावर जहाज झळकले. पुढील काही वर्षे याच आवारातून घोडेस्वार, तलवारबाज, दरोडेखोर आणि हिंस्र श्वापदांची एक अद्भुत दुनिया पडद्यावर अवतरत राहिली. त्या दुनियेची अनभिषिक्त सम्राज्ञी होती 'फिअरलेस नादिया'.

नादिया यांचे मूळ नाव मेरी इव्हान्स. ८ जानेवारी १९०८ रोजी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे त्यांचा जन्म झाला. वडील ब्रिटिश सैन्यात, तर आई ग्रीक वंशाची. बालपणीच त्या मुंबईस आल्या. पहिल्या महायुद्धात वडील मारले गेले आणि कुटुंबाचे छत्र हरपले. त्यानंतरची काही वर्षे मेरी वायव्य सरहद्दीवरील पेशावरला राहिल्या. अश्वारोहण, नेमबाजी, शिकार आणि मासेमारी त्या तेथेच शिकल्या. पुढे ज्या कसरतींनी त्यांना कीर्ती मिळवून दिली, त्यांचा पाया असा डोंगराळ मुलखात घातला गेला होता.

१९२८ मध्ये आई आणि लहान मुलासह त्या मुंबईस परतल्या. पोटासाठी त्यांनी दुकानात विक्रेतीची नोकरी केली. मादाम अस्त्रोवा या रशियन नर्तिकेकडे बॅले नृत्याचे धडे घेतले, तिच्या पथकाबरोबर दौरे केले आणि झार्को सर्कशीतही काम केले. एका भविष्यवेत्तीच्या सल्ल्यावरून त्यांनी 'न' या अक्षराने सुरू होणारे नाव घेतले, असे सांगितले जाते. मेरीची नादिया झाली ती अशी. लाहोरच्या रीगल चित्रपटगृहाचे व्यवस्थापक ईरच कांगा यांच्या ओळखीने त्यांची जमशेद वाडिया यांच्याशी गाठ पडली.

निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची, धिप्पाड बांध्याची आणि हिंदी जेमतेम बोलणारी ही तरुणी भारतीय प्रेक्षक स्वीकारतील काय, हा प्रश्नच होता. 'देशदीपक' व 'नूर-ए-यमन' या चित्रपटांत छोट्या भूमिका देऊन वाडिया बंधूंनी प्रथम अंदाज घेतला. त्यानंतर १९३५ मध्ये त्यांनी 'हंटरवाली' काढला. अन्यायी प्रधानाविरुद्ध मुखवटा लावून, हातात चाबूक घेऊन लढणाऱ्या राजकन्येची ही कथा. असा चित्रपट घेण्यास वितरक कचरत होते. अखेर ग्रँट रोडच्या 'सुपर' चित्रपटगृहात तो झळकला आणि पंचवीस आठवडे चालला. नादियाच्या नावाचे चाबूक, पट्टे आणि बिल्ले बाजारात आले. त्यातले बरेचसे अर्थात निर्मात्यांच्या परवानगीवाचून!

त्यानंतर 'मिस फ्रंटियर मेल' (१९३६), 'लुटारू ललना' (१९३८), 'पंजाब मेल' (१९३९) आणि 'डायमंड क्वीन' (१९४०) अशी मालिकाच सुरू झाली. धावत्या आगगाडीच्या टपावरील हाणामारी असो की कड्यावरची उडी, नादिया यांनी बदली कलाकार घेतला नाही. दृश्यांच्या जोडकामाची आजची तंत्रे तेव्हा नव्हती. चुकलेल्या उडीची किंमत हाडांनी मोजावी लागे. 'पंजाब का बेटा' हा घोडा आणि 'रोल्स रॉइस की बेटी' या थाटाच्या नावाची जुनी ऑस्टिन मोटार हे त्यांचे पडद्यावरचे साथीदारही प्रेक्षकांचे तितकेच लाडके होते.

जंगलपटांची लाट याच सुमारास आली. १९३२ साली हॉलीवूडने जॉनी वाइसमुलरला टारझन म्हणून पडद्यावर आणले आणि जगभर अरण्यातील साहसकथांना बहर आला. होमी वाडिया यांनी १९३७ मध्ये 'तूफानी टारझन' काढून शरीरसौष्ठवपटू जॉन कावस यांना देशी टारझन बनविले. या चित्रपटात नादिया नव्हत्या. मात्र कावस हे त्यांचे अनेक चित्रपटांतील नायक. १९४२ च्या 'जंगल प्रिन्सेस'मध्ये अरण्याची सूत्रे खुद्द नादिया यांच्याच हाती आली. या चित्रपटासाठी त्यांनी खऱ्याखुऱ्या सिंहांच्या सान्निध्यात काम केले. चित्रीकरण चालू असताना एका सिंहिणीने अचानक झेप घेतल्याची आणि नादिया थोडक्यात बचावल्याची हकिगत चित्रपटसृष्टीत पुढे अनेक वर्षे सांगितली जात असे.

जंगलपटाचे आणि नादिया यांचे इतके जमले, त्यामागे एक व्यावहारिक कारणही होते. त्यांचे हिंदी अखेरपर्यंत अडखळतच राहिले. दरबारी किंवा कौटुंबिक कथेत हा दोष उघडा पडला असता. अरण्यात मात्र संवाद थोडे आणि कृती अधिक. नदी ओलांडणे, वेलीवरून झोके घेणे, श्वापदाला सामोरे जाणे यासाठी शुद्ध उच्चारांची गरज नव्हती. प्रेक्षकांनाही ते सोयीचे होते. दहा बाय बाराच्या खोलीत संसार करणारा आणि भोंग्याच्या तालावर पाळी भरणारा कोकण-घाटावरचा गिरणी कामगारही हिंदी भाषेत फारसा मुरलेला नव्हता. दोन-चार आण्यांत त्याला मोकळे रान दिसे, आणि त्या रानात मुकादमासारख्या दिसणाऱ्या खलनायकाला एक बाई एकटी लोळविताना दिसे. देश पारतंत्र्यात असताना गोऱ्या कातडीची ही नायिका जुलमी सत्तेविरुद्ध लढत होती, यातील विसंगती कोणाला खटकली नाही. ती कोणाच्या बाजूने उभी आहे, एवढेच पिटातला प्रेक्षक पाहत होता.

बुद्धिजीवी वर्ग मात्र या चित्रपटांकडे नाक मुरडूनच पाहत असे. खुद्द वाडिया बंधूंमध्येही याच मुद्द्यावर मतभेद झाले. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी प्रभावित झालेल्या जमशेद यांना दर्जेदार, आशयप्रधान चित्रपटांची ओढ होती. १९४१ मध्ये त्यांनी साधना बोस यांना घेऊन 'राजनर्तकी' हिंदी, बंगाली व इंग्रजी अशा तीन भाषांत काढला. होमी यांचा भरवसा साहसपटांवरच होता. १९४२ मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. होमी यांनी 'बसंत पिक्चर्स' स्थापन केली, तर परळचा स्टुडिओ व्ही. शांताराम यांच्याकडे जाऊन तेथे 'राजकमल कलामंदिर' उभे राहिले. नादिया होमी यांच्यासोबत गेल्या. 'हंटरवाली की बेटी' (१९४३) आणि पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभीचा 'जंगल का जवाहर' हे 'बसंत'चेच. चाळिशी उलटल्यावरही त्यांची साहसे थांबली नव्हती.

होमी आणि नादिया यांचा स्नेह चित्रपटसृष्टीला ठाऊक होता. परंतु होमी यांच्या मातोश्रींचा या विवाहास विरोध होता. पडद्यावर कुणाचीही पर्वा न करणाऱ्या नायिकेने प्रत्यक्षात मात्र वर्षानुवर्षे संयमाने वाट पाहिली. मातोश्रींच्या निधनानंतर, १९६१ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. तेव्हा नादिया त्रेपन्न वर्षांच्या होत्या. १९६८ च्या 'खिलाडी'त, वयाच्या साठीत, त्या पुन्हा एकदा साहसी भूमिकेत दिसल्या आणि मग निवृत्त आयुष्य जगल्या.

मधल्या काळात त्यांचे नाव जवळजवळ विस्मृतीत गेले. जमशेद वाडिया यांचे नातू रियाद यांनी १९९३ मध्ये 'फिअरलेस : द हंटरवाली स्टोरी' हा माहितीपट केला, तेव्हा देशोदेशीच्या अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे वळले. आपली दखल घेतली जात असल्याचे त्यांना हयातीत पाहता आले. अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, ९ जानेवारी १९९६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. होमी वाडिया २००४ मध्ये निवर्तले.

एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. परिसरातील गिरण्यांचे भोंगे त्याआधीच थांबले होते आणि त्या जमिनींवर उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. आज पडद्यावरची नायिका मारामारी करते याचे कोणाला नवल वाटत नाही. हे दृश्य मुंबईच्या प्रेक्षकाने प्रथम डोक्यावर घेतले ते १९३५ साली, आणि ते घडविणाऱ्या स्टुडिओचा पत्ता परळचा होता, एवढे स्मरण या परिसराने ठेवावयास हवे.